मार्गे मुंबई

पाकिटावर पत्ता नीट लिहिला की पत्र पोचते, असा बहुतेकांचा समज असतो. माझी सारी उमेद रेल्वेच्या डाकेत, म्हणजे आम्ही ज्याला आर.एम.एस. म्हणत असू त्या खात्यात गेली. त्यामुळे पत्ता ही पत्राची निम्मीच गोष्ट आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. उरलेली निम्मी म्हणजे वाट. पत्ता लिहिणारा लिहितो. वाट भलतेच लोक ठरवतात, आणि ती पाकिटावर कुठेच लिहिलेली नसते.

हे सारे आज आठवायला कारण माझा नातू. तो पुण्याला संगणकाचे शिक्षण घेतो. गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी तो अमरावतीस आला, चिवड्याची बशी एका गुडघ्यावर आणि संगणक दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बसला आणि म्हणाला, “आजोबा, अकोला इथून किती दूर?”

मी सवयीने स्टेशने मोजली. “बडनेरा, कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव, अकोला. शंभर किलोमीटर धर.”

“मग हे बघा.” त्याने दोन-चार अक्षरे टिपली आणि काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळी उमटू लागल्या. अकोल्यातल्या त्याच्या एका मित्राच्या कचेरीतील संगणकाला त्याने निरोप पाठवला होता आणि वाटेतले प्रत्येक ठाणे त्याला हाक देत होते. ही युक्ती मोठी मजेची आहे. निरोपाच्या पाकिटावर एक आकडा असतो. प्रत्येक ठाण्यावर त्यातून एक उणा होतो, आणि ज्या ठाण्यावर तो शून्य होतो ते ठाणे “याचे आयुष्य इथे संपले” असे पाठवणाऱ्याला कळवते. आधी एकाचे पाकीट पाठवायचे, मग दोनाचे, मग तिनाचे. म्हणजे ठाण्यांची सारी यादी हाती येते. त्या यादीत मूर्तिजापूर नव्हते, बडनेराही नव्हते. चौथ्या-पाचव्या ओळीत मुंबईच्या नावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे होती. निरोप आमच्या ओसरीवरून निघाला, मुंबईला गेला, तिथे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती पडला आणि मुंबईहून अकोल्याला परत आला. रेल्वेच्या हिशेबाने पाहिले तर साडेबाराशे किलोमीटरची यात्रा! तीही जाऊन उत्तर घेऊन येण्यास सेकंदाचा तिसावा हिस्सा पुरला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे त्याला अशा वळशाचे काही वाटत नाही.

मला मात्र वाटले. “अरे,” मी म्हणालो, “२०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून लोकांनी जगाचा विक्रम केला. एवढा रस्ता समोर पडला असताना तुझा निरोप मुंबईला कशाला जातो?”

माझी बायको शेजारी वाती वळत बसली होती. तिने मान वर केली नाही. वातीला पीळ देता देता ती एवढेच म्हणाली, “आपल्या घरचे निरोप तरी अकोल्याला कुठून जातात?”

यावर मी काही बोललो नाही. का बोललो नाही ते पुढे सांगतो; आधी नातवाच्या शास्त्राचे सांगू द्या. कारण ते शास्त्र मला त्याच रात्री कळले, आणि ते कळल्यावाचून मला आमच्या घराचे कळले नसते.

आमच्या डाकेच्या डब्यात भिंतभर खण असत. गाडी धडधडत चालायची आणि आम्ही उभ्याने पत्रे खणांत टाकायचो. नवख्याला वाटे, या लोकांना हिंदुस्थानातली सारी गावे पाठ असली पाहिजेत. तसे काही नव्हते. दरभंग्याचे पत्र हाती आले तर दरभंगा कुठे आहे हे मला ठाऊक असण्याची गरजच नव्हती. ते पुढल्या कोणत्या हाती द्यायचे, एवढे ठाऊक असले की पुरे. पुढला हात त्याच्या पुढल्याला देई. पूर्ण वाट कुणालाच दिसत नसे, तरी पत्र दरभंग्याला जाई.

मी नोकरीला लागलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोड सुरू झाला. तो सहा आकड्यांचा क्रमांक ज्यांनी सुचवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे गाढे पंडित. त्यांची करामत अशी की आकडे डावीकडून वाचत जावे तसतसे गाव जवळ येते. पहिला आकडा चार आला की मोठा विभाग कळला. पहिले तीन आकडे आले की छाटणीचा जिल्हा कळला. अकोल्याच्या मुख्य कचेरीचा पिन ४४४००१, अमरावतीच्या मुख्य कचेरीचा ४४४६०१. पहिले तीन आकडे अगदी सारखे. लांबच्या माणसाला ४४४ एवढे पुरते. अमरावती की अकोला हा प्रश्न ते पत्र वऱ्हाडात आल्यावर.

नातू म्हणाला, इंटरनेटचेही असेच आहे. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो आणि लांबची ठाणी त्याचे सुरुवातीचे आकडे तेवढे पाहतात. मात्र एक नियम ध्यानात ठेवायचा. एका खणावर ४४४ आणि दुसऱ्यावर ४४४६ लिहिले असेल, तर अमरावतीचे पत्र दुसऱ्याच खणात जाते. जो खण अधिक नेमके सांगतो तो जिंकतो. हा नियम मीही चाळीस वर्षे पाळला होता. त्याचे पुढे काय होते ते मला ठाऊक नव्हते.

इंटरनेट हे एकच मोठे जाळे आहे अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ती सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांची वस्ती आहे. कंपन्या, विद्यापीठे, सरकारी खाती. ज्याचे त्याचे घर वेगळे, ज्याचा त्याचा कारभार वेगळा आणि प्रत्येक घराला एक क्रमांक. आपल्या घरातल्या घरात वाट शोधायची तर पद्धत सरळ आहे. कोणती तार किती लांबीची वा किती भारी, ते सगळ्यांना ठाऊक असते. हिशेब करायचा आणि सर्वांत जवळची वाट धरायची. हा हिशेब एड्सगर डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने १९५९ साली छापून ठेवला आहे. पण घराची वेस ओलांडली की हा हिशेब चालत नाही. दुसऱ्याच्या घरातल्या खोल्या आपल्याला दिसत नाहीत, आणि तो दाखवणारही नाही.

वेशीवरच्या या व्यवहाराचा नियम जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन गावी ठरला. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर हे दोघे तज्ज्ञ एका बैठकीसाठी तिथे जमले होते. जेवणाच्या टेबलावर बोलता बोलता त्यांनी कागदी रुमालांवर तो खरडला. त्याला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल असे भारदस्त नाव आहे. लोक बीजीपी म्हणतात. आज साऱ्या जगातली जाळी वेशीवर हीच भाषा बोलतात. २००६ साली तिचा मसुदा नीट नव्याने लिहिला गेला, पण मूळ बेत तोच राहिला.

बेत असा. प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्याला सांगते, “अमुक पत्ते माझ्याकडे आहेत.” शेजारी त्या निरोपाच्या पुढे आपला क्रमांक जोडतो आणि त्याच्या शेजाऱ्याला सांगतो, “ते पत्ते माझ्यामार्फत मिळतील.” असा निरोप हातोहात जगभर जातो आणि वाटेतल्या घरांच्या क्रमांकांची माळ त्याच्याबरोबर वाढत जाते. माळेत आपलाच क्रमांक दिसला तर ओळखायचे की निरोप फिरून आपल्याच दारी आला; तो टाकून द्यायचा. नाहीतर पत्र गोल गोल फिरत राहील.

एकाच ठिकाणच्या दोन-तीन वाटा कळल्या तर निवड कशी करायची? मला वाटले, जवळची घ्यायची. नातू हसला. “आजोबा, आधी नाते बघतात.” जे जाळे आपले गिऱ्हाईक आहे, ज्याच्याकडून पैसे मिळतात, त्याच्यामार्फतची वाट सहसा पहिली. ज्याच्याशी बरोबरीचे नाते आहे, तू माझे ने, मी तुझे नेतो आणि हिशेब फिटला, त्याची दुसरी. ज्याला पैसे मोजावे लागतात त्याची शेवटची. नाती सारखी निघाली तर मग माळ मोजायची आणि जिच्यात घरे कमी ती वाट घ्यायची. मोजतात ती घरे, किलोमीटर नव्हेत. मधले एकच घर अमेरिकेएवढे लांबरुंद असले तरी ते एकच. त्यातही बरोबरी झाली तर ज्या दारातून निरोप लवकरात लवकर आपल्या घराबाहेर पडेल ते दार. हातातला निखारा माणूस शेजाऱ्याच्या हातावर टाकतो, तसे.

आता अमरावती-अकोल्याचे कोडे उलगडले. आमच्या घरी येणारी तार एका कंपनीची, मित्राच्या कचेरीतली दुसरीची. दोघी वऱ्हाडात शेजारी शेजारी खांब रोवून आहेत, पण इथे त्यांची ओळखदेख नाही. एकमेकींसाठी शंभर किलोमीटरवर गाठ बांधून द्यावी इतके अगत्य किंवा इतका नफा कुणालाच नाही. दोघींचे मोठे कारभारी मुंबईत भेटतात. समुद्राखालच्या तारा तिथे किनाऱ्याला लागतात, म्हणून सगळ्या मोठ्या घरांचे एकेक माणूस तिथे बसलेले. यातही पूर्वीपेक्षा सुधारणाच आहे बरे का! एकेकाळी हिंदुस्थानातल्या दोन कंपन्यांमधले कितीतरी निरोप सातासमुद्रापार जाऊन परत येत असत. ते देशातल्या देशात बदलून घ्यावेत म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था निघाली. म्हणजे अमरावतीचा निरोप अकोल्याला जाताना मुंबईवरच थांबतो, याबद्दल आपण आभारच मानले पाहिजेत.

“सारांश काय,” नातू म्हणाला, “अंतर कमी असून उपयोग नाही. संबंध पाहिजेत.”

तो आपल्या यंत्रांविषयी बोलत होता. माझी बायको मात्र वात वळायची थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

अकोल्याला माझा थोरला भाऊ राहतो. आमची वडिलोपार्जित आठ एकरांची जमीन मूर्तिजापूरच्या बाजूला, म्हणजे दोन्ही गावांच्या मधोमध. वडील गेल्यावर वाटणी झाली. तीही एका जेवणावळीतच झाली. चुलत पुतणीच्या लग्नात पंगत उठल्यावर आम्ही दोघे मांडवात खुर्च्या ओढून बसलो आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर रेघा मारल्या. ऑस्टिनच्या कागदी रुमालावर जग चालले. आमच्या पत्रिकेवर दोन भाऊ चालू शकले नाहीत. विहीर दादाच्या तुकड्यात आली. रेघ त्याने मारली होती की मी, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. पण मी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही, दिवाळी आहे. दादा उठला, पत्रिका चार घड्या करून खिशात घातली आणि निघून गेला. त्यानंतर बारा वर्षे आम्ही बोललो नाही.

पण घरे म्हटली की निरोप असतातच. लग्नकार्ये असतात, श्राद्धपक्ष असतात, सातबाऱ्याचे कागद असतात. ते सारे निरोप डोंबिवलीवरून जाऊ लागले. तिथे आमची थोरली बहीण राहते. मी अक्काला फोन करी, अक्का दादाला करी. दादा अक्काला सांगे, अक्का मला. अमरावतीहून अकोल्याला, मार्गे मुंबई. बारा वर्षे ही डाक बिनचूक चालली. माझ्या नोकरीत मी पाहिलेली ही सर्वांत विश्वासू फेरी.

तरी अक्कात आणि इंटरनेटच्या ठाण्यांत एक फरक होता. ठाणे पाकीट फोडत नाही. अक्का प्रत्येक पाकीट फोडी आणि आतला मजकूर बदली. मी म्हणे, “सांग त्याला, विहिरीचं पाणी त्यालाच लखलाभ.” अक्का अकोल्याला सांगे, “धाकटा विचारत होता, यंदा विहिरीला पाणी कसं आहे?” दादा उत्तर देई, “त्याला काय करायचंय?” ते माझ्याकडे येई ते असे: “दादा म्हणतो, पाणी बरं आहे, काळजी करू नको म्हणावं.” मला वाटे, दादा नरमला. दादाला वाटे, मी नरमलो. आणि दोघेही आपापल्या जागी ऐटीत बसून राहत असू. हे मला फार उशिरा कळले.

तरी मायेनेच सारे बिघडले असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षी आमच्या गावचा एक माणूस अमरावतीला भेटला. त्याने सांगितले की धुऱ्यावरचे, वडिलांनी लावलेले आंब्याचे झाड दादाने तोडून विकले. मंगळवारी, दोन मजूर लावून, रोख पैसे घेऊन. वार कळला, मजूर किती ते कळले, व्यवहार कळला. अक्का आपली मोघम म्हणत होती, “असं काही नसेल रे.” मी त्या माणसाचे खरे मानले.

त्या रात्री नातवाने मला पाकिस्तानची गोष्ट सांगितली तेव्हा मला तो मंगळवार आठवला. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीला आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करायचे होते. तिने आपल्या घरात खोटी पाटी लावली की यूट्यूबचे पत्ते इकडे आहेत, आणि इकडे म्हणजे कुठेच नाही. पण ती पाटी वेशीबाहेर गेली. हाँगकाँगच्या एका मोठ्या जाळ्याने ती न तपासता पुढे सांगितली, आणि जगातल्या कितीतरी जाळ्यांनी ती खरी मानली. कारण यूट्यूब १,०२४ पत्त्यांची एक मोठी पाटी लावत होते. खोटी पाटी त्यातल्या २५६ पत्त्यांचीच, म्हणजे अधिक नेमकी होती. नेमका खण जिंकतो! सुमारे दोन तास जगभरातून यूट्यूबकडे निघालेली माणसे पाकिस्तानच्या बंद दारावर जाऊन आपटत होती.

मोघम खऱ्यापेक्षा नेमके खोटे माणसाला लवकर पटते. यंत्रांना पटते यात मग नवल काय? त्या प्रसंगांवरून शहाणी होऊन आता जाळी पत्त्यांवर एक प्रकारचा लाखेचा शिक्का मारू लागली आहेत. अमुक पत्ते सांगण्याचा अधिकार अमुक क्रमांकालाच, असे मालक सहीनिशी नोंदवून ठेवतो आणि शेजारी ते ताडून पाहतो. मी चाळीस वर्षे थैल्यांवरचे शिक्के तपासले. पण गावचा माणूस बोलत होता तेव्हा शिक्का तपासायला मला एकच फोन करायचा होता, आणि तोच मी करणार नव्हतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे सारे लिहायला बसलो ती सांगतो. गेल्या वर्षी श्रावणात अक्का न्हाणीघरात पडली. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे तिचा फोन बंद. मी डोंबिवलीला जाऊन तिला भेटून आलो. दादा का आला नाही, हे तिला विचारवेना आणि तिलाही ठाऊक नव्हते. परतल्यावर काही दिवसांनी बडनेऱ्याच्या फलाटावर मला एक जुने सहकारी भेटले. ते अकोल्याचे. मला पाहताच त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारले, “आता कसं आहे दादांचं?”

काय उत्तर द्यावे ते मला कळेना. त्यांना माझ्या तोंडावरून कळले. दादाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. आठ दिवस तो अतिदक्षता विभागात होता. शंभर किलोमीटरवर माझा भाऊ मरणाच्या दारात होता आणि मी अमरावतीला रोज दोन वेळा नीट जेवत होतो. कुणी लबाडी केली नव्हती, कुणी काही लपवले नव्हते. डोंबिवलीचे ठाणे बंद होते, एवढेच.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या दोन तारा तुटल्या आणि हिंदुस्थानातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या निरोपांचा मोठा हिस्सा अडला. तेव्हा जाळ्यांनी एकमेकांना नव्या वाटा सांगायला सुरुवात केली, आणि पश्चिमेला जाणारी कितीतरी पत्रे पूर्वेकडून, पृथ्वीला उलटा वळसा घालून जाऊ लागली. वाट लांब झाली, गर्दी झाली. पण दुसरी वाट होती. आम्ही दोघा भावांनी बारा वर्षांत दुसरी वाट ठेवलीच नव्हती.

वाचक म्हणतील, बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली असेल. नाही. मी घरी आलो. लाज वाटत होती, आणि लाजेला माणूस किती दिवस मानाचे कपडे घालून मिरवतो! पुढे अक्का बरी झाली, तिचा फोन सुरू झाला, आणि मी पहिले काय केले असेल? तिलाच फोन लावला. “अक्का, दादाला विचार कसा आहे.” ठाणे उघडताच डाक पुन्हा जुन्या वाटेने सुरू!

तर वसुबारसेच्या त्या रात्री मी नातवाला विचारले, “शेजारचे जाळे जिवंत आहे की मेले, हे यंत्राला कसे कळते?”

तो म्हणाला, “शेजारी थोड्या थोड्या वेळाने एक निरोप पाठवतात. त्यात काहीही नसतं.”

“काहीही नसतं म्हणजे?”

“एकोणीस बाइटचं नुसतं पाकीट, आत कागदच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मी आहे.”

नियमाच्या मसुद्यात नव्वद सेकंदांची मुदत सुचवली आहे, आणि तिच्या तिसऱ्या हिश्शाने, म्हणजे दर तीस सेकंदांनी, हे रिकामे पाकीट जाते. काही यंत्रे तीन मिनिटेही धीर धरतात. पण तेवढ्या अवधीत काहीच आले नाही तर शेजारी गेला असे धरतात आणि त्याने सांगितलेल्या सगळ्या वाटा एका फटक्यात वहीतून पुसतात. तो पुन्हा बोलू लागला तर मात्र राग-रुसवा नाही; दोघे आपापली सगळी वही पहिल्यापासून एकमेकांना वाचून दाखवतात.

नव्वद सेकंद! आम्ही बारा वर्षे घेतली होती. आणि मी समजत होतो की दादाशी बोलायचे तर आधी विहिरीचे बोलावे लागेल, आंब्याचे बोलावे लागेल, त्या वाक्याचे बोलावे लागेल. रिकामे पाकीटही चालते, हे मला कुणी सांगितलेच नव्हते.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर मी नातवाला म्हणालो, “अकोल्याला लाव.” त्याने मित्राचा संगणक समजून यंत्र पुढे ओढले. मी म्हणालो, “ते नको. फोन.”

पलीकडे घंटा पाच वेळा वाजली. मग दादाचा आवाज आला. बराच बारीक झालेला.

“कोण?”

“मी.”

तिकडे काही नाही. मग, “काय करून राहिला?”

“बसलो. अंघोळ झाली. फराळ झाला तुझा?”

“झाला. तेलकट देत नाही मले हे लोक.”

“बरं.”

“बरं.”

एवढेच. नातू म्हणाला, “आजोबा, इतकंच बोलणं?” मी म्हणालो, “तुझी यंत्रं एवढ्यावरच शेजाऱ्याला जिवंत धरतात ना?”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला; तिसऱ्या दिवशी त्याचा आला. वही वाचायला आम्ही तुळशीच्या लग्नाच्या आधी बसलो, तीही अकोल्यात, त्याच्या घरी, तीन तास. आंबा वादळात पडला होता. दादाने लाकूड विकले नव्हते; सुताराकडून त्याचे दोन पाट करून घेतले होते. एकावर तो रोज जेवायला बसे. दुसरा नऊ वर्षे भिंतीला टेकवून ठेवला होता. तो त्याने फडक्याने पुसला आणि माझ्यासमोर मांडला. विहीर अजून त्याच्याच तुकड्यात आहे. त्याविषयी आम्ही पुढेमागे भांडू; आता भांडायला थेट वाट आहे.

सकाळी सातला आमचा फोन होतो. “चहा झाला?” “झाला.” कधी तो लावतो, कधी मी. नातू म्हणतो, याला आता तीस सेकंदांची गरज नाही, चोवीस तासांची मुदत पुरे.

तक्रार फक्त डोंबिवलीची आहे. परवा अक्का मला म्हणाली, “काय रे, महिना झाला, तुम्हा दोघांचा एक निरोप नाही! मी आहे की नाही, हे तरी विचारा.”

तेव्हापासून साडेसातला आम्ही तिलाही एक रिकामे पाकीट पाठवतो.